अनंत चतुर्दशीनंतरची सोबत

(नाशिक येथे झालेल्या एका कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा संपादित पाठ)



श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणारी गर्दी नाशिककरांना नवी नाही. आदल्या रात्रीपासून बसगाड्या भरभरून निघतात आणि पावसात, चिखलात, कित्येकजण अनवाणी पायांनी शिवनामाचा गजर करीत फेरी पूर्ण करतात. या गर्दीत एक गृहस्थ हमखास असतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात नोकरी, घरी आई, पत्नी आणि दोन मुले. एरवी हा मनुष्य दिवसाला दहा-पंधरा सिगारेटी ओढतो. श्रावणात मात्र ओढत नाही. आषाढी अमावास्येला शेवटचे पाकीट संपते आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर नाही, औषध नाही, कसला गाजावाजा नाही, सिगारेट बंद. पुढे गणपती येतात आणि विसर्जनापर्यंत तोच नियम लांबतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री गोदाघाटावर विसर्जन होते, मंडळाचे कार्यकर्ते थकूनभागून चहाच्या टपरीशी थांबतात आणि कोणीतरी पाकीट पुढे करतो. चव्वेचाळीस दिवसांचा नियम काडीच्या एका ओढीसरशी संपतो.

या गृहस्थाला नाव नाही. पण येथे बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर या क्षणी कोणाचा ना कोणाचा चेहरा आला असेल. काहींना तर आरसाच आठवला असेल.

त्याच्याविषयी समाजाचा निवाडा ठरलेला असतो: मनाचा निर्धार नाही. आता या निवाड्यातला विरोधाभास पाहा. ज्याने एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल चव्वेचाळीस दिवस सिगारेटला स्पर्श केला नाही, त्याच्यापाशी निर्धार नाही असे म्हणायचे कसे? आणि निर्धार असेल, तर पंचेचाळिसाव्या दिवशी तो गेला कुठे?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम शरीराचा हिशेब समजून घ्यावा लागतो. धुराचा झुरका घेतल्यापासून साधारण दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. इतक्या तत्परतेने बक्षीस देणारी वस्तू मेंदू सहसा विसरत नाही. सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि हात आपसूक खिशाकडे वळतो. सिगारेट बंद केली की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, सारखे काहीतरी खावेसे वाटते. त्यानंतर हा त्रास ओसरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतांशी निवळतो. म्हणजे आपला गृहस्थ नारळी पौर्णिमेला चढण संपवून उताराला लागलेला असतो आणि विसर्जनाच्या रात्रीपर्यंत त्याच्या शरीराचे देणे जवळजवळ फिटलेले असते. बाकी राहते ती संगतीची.

वस्तुतः श्रावणात तो एकटा सिगारेट सोडतच नाही. त्याच्याबरोबर सारे घर काही ना काही सोडत असते. स्वयंपाकघरातून कांदा-लसूण गेलेला असतो, आईचे सोमवार चालू असतात, शेजारी पोथी लागलेली असते. कारखान्यात कोणी पाकीट पुढे केलेच, तर ‘श्रावण आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. त्यावर कोणी वाद घालीत नाही, थट्टा करीत नाही. हेच एक जानेवारीला करून पाहावे. ‘सोडली’ म्हटले की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘किती दिवसांसाठी?’ आणि सगळी टपरी हसते. निर्धार दोन्ही वेळी तोच असतो. श्रावणात त्याला घराची, गल्लीची आणि पंचांगाची साथ असते, जानेवारीत नसते. विसर्जनाच्या रात्री ही साथ एकाएकी सुटते. मांडव उतरतो, घर आपापल्या उद्योगाला लागते आणि ज्याची लढाई अजून संपलेली नाही, तो मनुष्य रात्री बाराला टपरीपाशी एकटा उरतो.

या टपरीविषयीही थोडे बोलले पाहिजे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी करणारे नियम कडक झाले. ते आवश्यकच होते. त्यामुळे कारखान्यातला आणि कचेरीतला धूर फाटकाबाहेरच्या टपरीवर गेला. तेथे हळूहळू एक बैठक तयार झाली. साहेबाची नक्कल तेथेच होते, बदलीची बातमी तेथेच प्रथम कळते, मुलीच्या लग्नाची काळजी तेथेच बोलली जाते. सिगारेट सोडणारा मनुष्य एका बैठकीतूनच उठतो, हे आपण लक्षातच घेत नाही. त्या दहा मिनिटांच्या बदल्यात दुसरी दहा मिनिटे त्याला कोणी देऊ केली नाहीत, तर तो परत जाणारच. त्याला तेथे ओढून नेण्यात निकोटिनाइतकाच वाटा माणसांचा असतो.

आता त्या रात्रीनंतरची सकाळ. आपल्याकडे उपासाचे एक तर्कशास्त्र आहे. एकादशीच्या दिवशी चुकून भाताचे शीत तोंडात गेले, तर उपास मोडला. आणि मोडलाच आहे, तर मग पोटभर जेवायला काय हरकत? व्यसनाच्या बाबतीत हे तर्कशास्त्र घातक ठरते. विसर्जनाच्या रात्री ओढलेली ती एक सिगारेट ही एक सिगारेटच असते. तिच्यामुळे चव्वेचाळीस दिवस पुसले जात नाहीत. परंतु सकाळी उठल्यावर तो मनाशी म्हणतो, ‘मोडलेच!’ आणि कोपऱ्यावरून दहाचे पाकीट आणतो. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात व्यसनाकडे परत जाणाऱ्यांचा अभ्यास करताना नेमक्या याच मनोवस्थेवर बोट ठेवले. पाय घसरणे वेगळे आणि दरीत पडणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये असतो तो माणसाने स्वतःविषयी करून घेतलेला समज. ‘माझ्याच्याने हे होणारच नाही’ हा तो समज.

हा समज पक्का करण्याचे काम दुर्दैवाने घरातली, प्रेमाचीच माणसे करतात. शर्टाला वास येतो. पत्नी म्हणते, ‘बघा, म्हटलं नव्हतं मी? जमायचं नाही तुम्हाला.’ आई देवाकडे पाहत पुटपुटते. थोरला मुलगा काही बोलत नाही, पण त्याची नजर बोलते. मित्र पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘आलास ना परत? अरे, हे कोणाला सुटत नाही.’ या सर्वांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. परिणाम मात्र एकच होतो: पुढच्या खेपेस तो सोडण्याचा प्रयत्न करताना कोणाला सांगत नाही आणि ओढतानाही कोणाला दिसू देत नाही. गच्चीवर जाणे, खिशात बडीशेप ठेवणे, घरी येताना दोन गल्ल्यांचा वळसा घालणे सुरू होते. व्यसन चोरटे झाले की कोणाला हात पुढे करावासा वाटला, तरी तो पोहोचत नाही.

आकडे या बाबतीत अधिक सहृदय आहेत, असे म्हणावे लागेल. कोणाच्याही मदतीविना सिगारेट सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाचजण सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे निरनिराळ्या अभ्यासांच्या २००४ सालच्या आढाव्यात आढळले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील धूम्रपान करणाऱ्यांचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष तर असा, की लहानमोठे सारे प्रयत्न जमेस धरले, तर कायमचे सुटेपर्यंत तीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न होऊ शकतात. आपल्याकडे २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात, धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी आधीच्या बारा महिन्यांत सोडून पाहिले होते. दर पाचांतले जवळजवळ दोन! ज्यांना आपण निर्ढावलेले समजतो, ते वर्षातून एकदा तरी निमूटपणे झुंजतात आणि निमूटपणे हरतात. त्यांतले बहुतेक कोणाचीही मदत घेत नाहीत.

मग मदत म्हणजे काय? महाराष्ट्राला याचे उत्तर देणारी एक संस्था आपल्याच मातीतली आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभे केले. केंद्र गर्द आणि दारूच्या रुग्णांसाठी निघाले होते. परंतु त्याने व्यसनी माणसाकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, ती सिगारेटच्या बाबतीतही तितकीच उपयोगाची आहे. तेथे दाखल झालेल्या माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. या एका शब्दात बरेच काही आले. तेथून बरे होऊन गेलेले कित्येकजण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले, कारण पाय कुठे घसरतो हे घसरलेल्याला जेवढे कळते, तेवढे उपदेशकाला कळत नाही. उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाने पाठपुराव्याच्या बैठकांना येत राहावे, पत्नीनेही आपले मन मोकळे करावे, अशी योजना तेथे पूर्वीपासून आहे. पुन्हा व्यसनात सापडलेला माणूस पुन्हा तेथे येतो, आणि येऊ शकतो. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. काम थांबलेले नाही.

परतीचा दरवाजा उघडा ठेवण्याचा हा विचार आधुनिक मानसशास्त्रानेच प्रथम शोधला असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे आणि नांदेडला दशमगुरूंचे अखेरचे वास्तव्य घडले. गुरू गोविंदसिंहांनी १६९९ मध्ये खालसा पंथाची स्थापना केली. अमृत घेतलेल्या शिखाला जी चार महत्पापे वर्ज्य आहेत, त्यांत तंबाखूचे सेवन येते. हे निषिद्ध तीन शतकांहून अधिक काळ एका समाजाने सामूहिकपणे पाळले आहे. धाक आहे हे खरेच. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. ज्याच्याकडून हा नियम मोडतो, त्याने पंच प्याऱ्यांपुढे येऊन चूक कबूल करायची, सांगितलेली सेवा किंवा प्रायश्चित्त करायचे आणि पुन्हा अमृत घ्यायचे. म्हणजे नियम जितका कठोर, परतीची वाट तितकीच स्पष्ट. आपल्याही धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा केवढा विस्तार आहे! माणूस चुकणार हे गृहीत धरल्याशिवाय इतका खटाटोप कोणी केला नसता. चुकलेल्या एकादशीनंतर पंधरा दिवसांनी दुसरी एकादशी येतेच. आपण मात्र घरातल्या माणसाचा नियम मोडला, की त्याच्यासाठी पुढली एकादशी पंचांगातून काढूनच टाकतो.

संगतीचा परिणाम किती, हे मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या गावाशी निगडित १२,०६७ व्यक्तींच्या परस्परसंबंधांचा, १९७१ ते २००३ या काळातला मागोवा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पतिपत्नींपैकी एकाने सिगारेट सोडली, तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली आढळली. मित्राने सोडल्यास ३६ टक्के, लहान आस्थापनेतल्या सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्के, भावंडाने सोडल्यास २५ टक्के. माणसे सुटी सुटी नव्हे, तर गटागटाने सिगारेट सोडत होती. आणि जे ओढतच राहिले, ते हळूहळू समाजाच्या कडेला ढकलले गेले. यातले शेवटचे वाक्य सुखावह नाही. पांढरपेशा वस्त्यांतून आज तेच घडताना दिसते. ज्यांना सोबतीची सर्वाधिक गरज, तेच एकटे पडतात.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. सोबत म्हणजे पहारा नव्हे. शर्टाचा वास घेणे, खिसे तपासणे, धाकट्या मुलीला ‘बाबा कुठे जातात बघून ये’ म्हणून पाठवणे, हे प्रकार ताबडतोब थांबले पाहिजेत. मुलीला बापावर हेरगिरी करायला लावण्यापेक्षा सिगारेट परवडली, असे म्हणायचा मोह होतो. आणि सगळा भार पत्नीवर टाकणेही अन्यायाचे आहे. तिने आधीच धूर सोसलेला असतो, पैसा गेलेला पाहिलेला असतो. आता नवऱ्याच्या चिडचिडीचे पंधरा दिवसही तिनेच सोसायचे आणि तो घसरला की ‘घरच्यांनी सांभाळून घेतलं नाही’ हा ठपकाही तिच्याच माथी! सोबतीला शक्यतो असा मनुष्य असावा, ज्याने स्वतः ओढली आहे, सोडली आहे, आणि शक्य तर एकदोनदा घसरलाही आहे. अशी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. ती बोलत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारीत नाही.

ओढण्याची तीव्र ऊर्मी सहसा काही मिनिटांतच ओसरते. ती केव्हा येते, हे ओढणाऱ्याला नेमके ठाऊक असते: सकाळच्या चहानंतर, जेवणानंतर, पाळी सुटल्यावर, साहेबाशी खटका उडाल्यावर. तेवढ्या वेळेपुरता फोन उचलणारा एक माणूस असावा. त्याने भाषण करू नये. ‘काय रे, काय चाललंय?’ एवढे विचारावे आणि क्रिकेटवर किंवा कांद्याच्या भावावर बोलावे. नाशिक जिल्ह्यात या दुसऱ्या विषयाचा तुटवडा कधीच पडणार नाही!

आणि औषधाला कमी लेखू नये. ‘मनाच्या बळावर सोडतो’ म्हणण्यात अभिमान वाटतो. पण चष्मा लावणाऱ्याला कोणी दृष्टीचा दुबळा निर्धार म्हणत नाही. निकोटिनची चघळण्याची गोळी औषधाच्या दुकानात मिळते, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याची अन्य औषधेही आहेत, आणि समुपदेशनाची जोड मिळाली की त्यांचा गुण अधिक येतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यवाणी २०१६ मध्ये सुरू झाली; तिचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक २०१८ पासून पाकिटांवरच छापला जातो. पाकिटावरची ती भीषण चित्रे पाहून ओढणाऱ्याची नजर मेलेली असते. त्याच पाकिटावरचा हा क्रमांक किती घरांनी वाचला असेल? चित्र दाखवून घाबरवणारे पुष्कळ भेटतात. ‘चल, माझ्यासमोर फोन लाव’ म्हणणारा एखादाच.

‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक पुरावा. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षे ३४ हजारांहून अधिक डॉक्टरांचा मागोवा घेतला गेला. सर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. मात्र ज्यांनी तिशीत सोडली, त्यांनी ती दहाच्या दहा वर्षे परत मिळवली. चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनीदेखील तीन. आपल्या पंचेचाळिशीच्या गृहस्थापुढे सात-आठ वर्षांचा प्रश्न आहे. नातवंडाची मुंज पाहायची की नाही, असाही तो मांडता येईल. विडी ओढणाऱ्यांनी यातून आपली सुटका झाली असे समजू नये. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, तर स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी घटलेले दिसले.

विडीचा विषय निघाल्यावर नाशिकच्या व्यासपीठावरून सिन्नरकडे डोळेझाक करता येणार नाही. टेंभुर्णीच्या पानांची सुपे मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांवर तेथे कितीतरी संसार उभे राहिले. कोणाच्या तरी आजोबांचा दमा आणि कोणाच्या तरी मुलीची शाळेची फी एकाच सुपात असते. या भगिनींना दुसरे काम दिल्यावाचून विडीच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे; तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

आणखी एक पळवाट सांगून ठेवावी लागेल. सिगारेट सुटली आणि खिशात तंबाखूची पुडी आली, तर घर फसते, शरीर फसत नाही. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के आढळले, पण धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याचे खरे दुखणे तोंडात आहे, आणि मशेरी लावणाऱ्या मायबहिणी त्यातून वगळता येत नाहीत.

तेव्हा विसर्जनाच्या त्या रात्रीकडे पुन्हा एकदा वळू. मांडव उतरवायला कोण थांबणार, वर्गणीचा हिशेब कोण करणार, हे मंडळे आधीच ठरवून ठेवतात. त्याच वहीत आणखी एक नोंद होऊ शकते. श्रावणापासून ज्यांनी ओढलेली नाही, असे आपल्या मंडळात कोण कोण आहेत? त्या रात्री टपरीऐवजी त्यांना घरी चहाला कोण नेणार? आणि एखाद्याने ओढलीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, तो कोपऱ्यावर पाकीट आणायला निघण्यापूर्वी, त्याच्या दारात कोण उभे राहणार? त्याने फक्त एवढेच म्हणायचे आहे: ‘काल एक झाली ना? असू दे. चव्वेचाळीस दिवस जमेला आहेत. चल, गंगापूर रोडला चक्कर मारून येऊ.’